गाडी विकली, भाड्याने दिली नाही

आदरणीय मधुकरराव ढोले यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या भीमपूरला त्यांच्या गॅरेजसमोर झाली. मी तिथे नव्या स्कूटरवरून पडले होते. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय अधू झाला. शिक्षिकेची नोकरी लागल्यावर स्वतःच्या गाडीनेच शाळेत जायचे, या हट्टाने मी स्कूटर घेतली होती. लोक धावले. मधुकररावांनी मात्र विचारले, "मार लागला का?" मी नाही म्हटले. "मंग तुमीच उठा, बाई. मी गाडी धरतो."

दया दाखवणारे मला पुष्कळ भेटले होते. असा माणूस पहिलाच.

स्कूटरला मागे दोन जादा चाके बसवायची, असे त्यांनी सुचवले. पण पाना हातात घेण्याआधी परिवहन कार्यालयाच्या नावे माझ्याकडून परवानगीची दरखास्त लिहून घेतली. मंजुरी आली तेव्हाच वेल्डिंग झाले. मग तपासणी आणि कागदांवर बदलाची नोंद. पहिले चार दिवस मी शाळेत जाताना ते सायकलने मागून येत. मी वळून पाहिले, की बाजूच्या कपाशीकडे बघत असल्यासारखे करत.

काही महिन्यांनी स्टार्टर बंद पडला. शोरूमच्या व्यवस्थापकांनी मागच्या चाकांकडे पाहिले आणि हिंदीत सांगून टाकले, की बाहेरच्या माणसाचा हात लागला, आता हमी संपली. सुटा भागही मिळणार नाही. मी परत निघाले होते. सोबत आलेले मधुकरराव जागचे हलले नाहीत.

"चाकाचा अन् स्टार्टरचा काय संबंध? काऊन बंद पडला ते खोलून तं पाहा."

"कंपनी का रूल है."

"गाडी या बाईची हाय, साहेब. कंपनीनं विकली, भाड्यानं नाई देल्ली. करत नसान तं तसं लिहून द्या."

लिहून द्यायला कोणी तयार होईना. मधुकररावांनी गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बैठक मारली. दुसऱ्या दिवशीही आम्ही दोघे तिथेच. नवी गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आदराने सांगत, "घ्या, गाडी चांगली हाय. फक्त घेतल्यावर तुमची राहीन का, तेवढं विचारून घ्या." तिसऱ्या दिवशी नकाराचे पत्र हातात पडले.

ते पत्र घेऊन आम्ही ग्राहक न्यायालयात गेलो. वकील दिला नाही. मधुकररावांनी कंपनीच्या अभियंत्यासमोर स्टार्टर उघडला, आतली जळालेली तार दाखवली आणि स्वच्छ तेलुगूत विचारले, "ही तार मागच्या चाकानं जाळली काय?" दुरुस्ती हमीतच करून द्यावी आणि सुटे भागही नाकारू नयेत, असा निकाल लागला. त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्या मी कुणाचाही हात न धरता उतरले. मधुकरराव खाली गाडीपाशी उभे होते.

हक्काच्या नावाखाली वाटेल ते करणाऱ्यांना मात्र त्यांच्याकडे थारा नाही. एका व्यापाऱ्याला कापूस जास्त भरता यावा म्हणून लॉरीच्या फळ्या वाढवून हव्या होत्या. जुने गिऱ्हाईक, तरी त्यांनी चहा पाजून परत पाठवले. "गाडी तुमची हाय, पण रस्ता समद्याइचा हाय." तो व्यापारी पुन्हा आला नाही. मधुकररावांनी त्याची खंतही केली नाही.

मधुकररावांना निरोगी, दणकट दीर्घायुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. त्यांनी मोतीबिंदू काढल्यानंतरचे डोळ्यांचे औषध वेळेवर घालावे, ही माझी वेगळी मागणी. निवृत्तीच्या शुभेच्छा मात्र कोणी देऊ नयेत. शेजारच्या गावातील एका शेतकरी बाईंचा ट्रॅक्टर ऐन सोयाबीनच्या काढणीत थांबला आहे. त्यातला संगणक कंपनीशिवाय दुसऱ्याला दुरुस्ती करूच देत नाही. मधुकररावांनी तक्रार लिहायला मला बोलावले आहे. हा लेख पूर्ण करून मी तिकडेच निघाले आहे.