तांदळाच्या डब्यातलं लेकरू

मंगळवार उजाडला की केवळाबाईचं डोकं सकाळीच उठायचं. चहा ओठाला लागायच्या आत दारात कुणीतरी उभं. अहमदपुरात पोलीस ठाणं आहे, पण हरवलेल्या वस्तूची तक्रार लोकांना केवळाबाईच्याच ओट्यावर द्यायची असते. कुणाचं आधार कार्ड, कुणाची मोटारसायकलची किल्ली. मागल्या मंगळवारी तर एकजण एकाच पायात चप्पल घालून आला. लग्नात दुसरी गेली म्हणे.

"जोड्यातली एकच नेणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकून राहिले," केवळाबाई म्हणाली. "कुत्र्यानं नेली असंल. जा, मांडवामागं बघ."

तिथंच सापडली. आता ह्यात संताचं काय काम होतं, सांगा. पण गावभर झालं की अंतोनीबाबानं चप्पल दिली.

केवळाबाई कॅथलिक. लातूरचे फादर महिन्यातून एकदा येऊन ज्या खोलीत मिस्साची प्रार्थना करतात, तिची किल्ली हिच्याकडं. नवरा, श्रीमंत त्याचं नाव, धान्याच्या मोंढ्यात हमाल होता, त्याला जाऊन सात वर्षं झाली. हिनं अठरा वर्षं शाळेत खिचडी शिजवली आणि गुडघे गेल्यावर घरी बसली. घरात फळीवर संत अंतोनीचा हातभर पुतळा, सासूच्या वेळचा. तपकिरी झगा, कडेवर बाळ येशू. हरवलेलं शोधून देणारा संत, आणि त्याचा वार मंगळवार. काही घरांत वस्तू सापडेपर्यंत त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवतात. केवळाबाईचं त्याहून कडक. घर बदलताना पुतळा टेम्पोत आदळला आणि बाळ कडेवरून निखळलं. तेव्हापासून ते नुसतं हातावर टेकवलेलं असायचं. मग तिनं रीतच पाडली. काही हरवलं की बाळ उचलायचं, तांदळाच्या डब्यात घालायचं, झाकण लावायचं आणि अंतोनीला सांगायचं, "आधी लोकाचं दे, मग तुझं लेकरू घे."

फादरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "केवळाबाई, संताला धाक दाखवायचा नसतो. तो आपल्यासाठी देवाजवळ शब्द टाकतो, एवढंच."

"मला ठावं हाय की, फादर. मी नांदायला आले तव्हा सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. घरातलं मीठ संपलं तरी सासूच्या कानात सांगायचं, मग ती सासऱ्याला सांगणार. पण सासू लई विसरभोळी. म्हणून मी तिची पानाची चंची लपवून ठेवायचे. मीठ त्याच दिशी यायचं."

फादर मिशीत हसले आणि चहा प्याले.

वैताग असा की लोकांना प्रार्थना नको, नुसतं काम पाहिजे. बसा म्हटलं, एक नमो मरिया म्हणू म्हटलं, तर "तुम्हीच म्हणा बाई, मला फुरसत न्हाई." फुरसत हिलाच काय ती. कुणाच्या बकरीसाठी, कुणाच्या मार्कशीटसाठी हिनं गुडघे दुखवायचे.

आणि स्वतःसाठी कधी मागितलं नाही. गल्लीला त्याचं कारण माहीत होतं, पण तिच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

केवळाबाईला एकच लेक, प्रियदर्शनी. नांदेडला नर्सिंग शिकली आणि तिथंच महादेवप्पाच्या संगमेशशी लग्न करून मोकळी झाली. महादेवप्पा म्हणजे ह्याच गावातला किराण्याचा मोठा व्यापारी, घरात दोन वेळची शिवपूजा. मिस्सा नाही, फादर नाही, आईला विचारणं नाही. ऑफिसात दोन सह्या केल्या की झालं लग्न. तिकडं महादेवप्पानं पोराला दार बंद केलं, इकडं केवळाबाईनं ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं, "मला लेक न्हाई." पुढं सहा महिन्यांनी लेकीनं मैत्रिणीच्या हाती नव्या फोन नंबरची चिठ्ठी धाडली. केवळाबाईनं ती चार घड्या करून अंतोनीच्या पुतळ्याखालच्या पोकळीत कोंबली. फाडली नाही, वाचली नाही. ह्याला तीन वर्षं झाली. हरवलेलं मागता येतं. आपल्या हातानं टाकून दिलेलं कोणत्या तोंडानं मागायचं, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. कळत नाही म्हणून ती जगावर चिडायची.

तर त्या मंगळवारी दुपारी, जरा पाठ टेकली तोच दार वाजलं. दारात सिद्धम्मा. महादेवप्पाची बायको, संगमेशची आई. डोक्यावरून पदर, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, हातात फोन. ही बाई ह्या गल्लीत कधी आली नव्हती.

केवळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय हरवलं तुमचं?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"पोराचा नंबर," सिद्धम्मा म्हणाली. "तो चोरून फोन करायचा मला. मालकाला कळलं. फोन आपटला, कार्ड मोडलं. नवं दिलंय, पण त्यात त्याचा नंबर न्हाई, अन् माझा नवा नंबर त्याला ठावं न्हाई. खोली बदलली म्हणला होता, कुठं ते सांगितलंच न्हाई. चार महिने झाले. मला त्याचा आवाज पाहिजे. तुमच्या बाबाला सांगा."

सवयीनं केवळाबाईचा हात फळीकडं गेला. बाळ उचललं, डबा उघडला, तांदळात खुपसलं.

"अव्वा," सिद्धम्मा घाबरली. "लेकरू काढून घेताव का त्याचं?"

"रीत हाय आमची."

"असू दे रीत. पण आई असून कसं करवतंय तुम्हाला? माझं गेलंय, मला ठावं हाय ते." मग ती जवळ सरकली. "अन् तुमचीला तर दिवस गेले होते. शेवटच्या फोनला पाचवा लागला म्हणला होता संगमेश."

डब्याचं झाकण केवळाबाईच्या हातातच राहिलं. पाचवा. त्यावर चार महिने. दोनदा मोजलं, हिशेब तोच आला. लेकीचे दिवस भरत आलेले, आणि आई इथं बसून लोकांच्या चपला शोधून राहिली. संताप आला, भयंकर आला. सिद्धम्मावर काढता येईना, महादेवप्पा समोर नव्हता, आणि लेकीवर तर तीन वर्षं काढून झाला होता. राहिलं कोण, ते तिला ठाऊक होतं.

तिनं पुतळा उचलून उलटा केला आणि पोकळीत बोट घातलं. चिठ्ठी निघाली, कडा पिवळ्या पडलेली.

"बसून राहिला होतास व्हय ह्याच्यावर?" ती अंतोनीला म्हणाली. पण म्हणताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

सिद्धम्माला अक्षर लागत नव्हतं. केवळाबाईनंच एकेक आकडा दाबला आणि फोन तिच्यापुढं धरला. सिद्धम्मानं हात मागं घेतला. "आधी तुम्ही," ती म्हणाली. "पोटुशी तुमची हाय."

फोन वाजत राहिला. केवळाबाईला वाटलं, लागू नये. मग वाटलं, नाही लागला तर काय करू. तेवढ्यात कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोण?"

तीन वर्षांत काय काय बोलायचं साठलं होतं. तोंडातून आलं एवढंच, "उचलायला एवढा उशीर लागतो?"

तिकडून श्वास तेवढा ऐकू येत होता, जड.

"आई," प्रियदर्शनी शेवटी म्हणाली. "आज मंगळवार हाय. कुणाचं काय हरवलं गं?"

"माझं," केवळाबाई म्हणाली, आणि खालीच बसली.

सिद्धम्मानं कुणाला न विचारता तांदळाच्या डब्यात हात घातला. बाळ काढलं, फुंकर मारली, पदरानं पुसलं आणि अंतोनीच्या हातावर नेऊन ठेवलं. केवळाबाईनं रडता रडता वर बघितलं आणि फोनवर हात ठेवला.

"लेकराचं तोंड भिंतीकडं केलं की," ती वैतागून म्हणाली. "नीट बसवा, इहीणबाई."