उसन्या आयुष्याच्या बायका

चुलीवरच्या तव्यात तंबाखू भाजली जात असे आणि त्या कडवट धुरामागे थोरल्या आईचा चेहरा हळूहळू उमटत जाई — सुरकुत्यांच्या जाळ्यात अडकलेले दोन निवळशंख डोळे... थोरली आई म्हणजे माझ्या वडिलांची आजी. मिश्री कुटून झाली की तिच्या बोटांना तो काळा गंध दिवसभर चिकटून राही. त्याच बोटांनी ती मला गरम भाकरीचा पापुद्रा सोलून देई. तेव्हा कर्वेनगरात आमचं शेत होतं. कालव्याच्या पाण्यावर वाढलेली मेथी, पेरूची झाडं, आणि हिवाळ्याच्या सकाळी अंगणभर पसरलेला ओल्या गवताचा, शेणाचा, धुराचा एकजीव दरवळ.

मी सात-आठ वर्षांची असताना धाकटे काका काविळीनं गेले. लग्न ठरलं होतं त्यांचं. तेरावा झाला आणि त्याच दुपारी भांडी घासता घासता आजी — काकांची आई, थोरल्या आईची सून — सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही म्हातारी का मरंना? माझ्या पोराचं आयुष्य लागलंय हिला."

थोरली आई चुलीपुढेच बसली होती. तिनं जळतं लाकूड थोडं आत सारलं, एवढंच.

मग तिची घोंगडी गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. सणासुदीला आम्ही मुलं मोठ्यांच्या पाया पडत फिरायचो. पण तिच्यापुढे वाकायची वेळ आली की आई माझा दंड धरून मला मागे ओढी. उदंड आयुष्याचा आशीर्वाद तोंडातल्या तोंडात ठेवून ती म्हातारी तशीच बसून राही... मी कॉलेजात जाईपर्यंत ती जगली. आणि गेली तेव्हा, नव्वदी पार केलेली म्हणून, तिला बँड लावून, गुलाल उधळत नेलं. इतकी वर्षं पडवीकडे न फिरकलेली माणसं त्या दिवशी खांदा द्यायला पुढे-पुढे करत होती.

आता त्या शेतावर सोसायट्या आहेत. आम्ही कोथरूडला राहतो. मध्यंतरी माझ्या मुलीनं, सायलीनं, घराण्याचा वंशवृक्ष करायला घेतला. "आई, आपल्याकडच्या बायका नव्वदीच्या पुढेच जातात गं! जीन्स भारी आहेत आपले." तिच्या स्वरात निर्भेळ अभिमान होता; मला मात्र घशात कुठेतरी जळक्या तंबाखूची चव आली. नावं आणि वयं विचारायला मी स्वारगेटजवळ आत्याकडे गेले. वडिलांची बहीण, त्या पिढीतली आता ती एकटीच. तिचा मुलगा दिवाळीआधी गेला, ती सुनेजवळ राहते.

थोरल्या आईचं नाव मला तिथे पहिल्यांदा कळलं. ठकूबाई.

"आणि आजी?" मी विचारलं. "तिनंही नव्वदी गाठली ना?"

"गाठली की," आत्या म्हणाली. "तुझा बाप गेला तो तिच्यादेखत. तवापासनं अर्धीच भाकर खायची. म्हणायची, पोराच्या वाटणीचं जगतीया मी."

"कुणी काही बोललं होतं तिला?"

"दुसऱ्यानं कशाला बोलाया पायजे? तीच बोलली हुती न्हवं का, सासूला."

खाली बस डेपोकडे वळणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शेवटी मी आत्याला तिचं स्वतःचं वय विचारलं. तिनं आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत सून कुकर लावत होती. आत्यानं आवाज अगदी खाली आणला.

"ऐंशीच्या आतलं सांग कायतरी."

"अगं, पण का?"

"तिचा नवरा गेलाय, बाय... ती बोलत काय न्हाय. पर माझ्या ताटाकडं बघती."

सायलीला मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं.

तो वंशवृक्ष आता आमच्या हॉलमध्ये आहे, सोनेरी चौकटीत, प्रत्येकीच्या नावाखाली तिचं वय. आलेगेले थांबून वाचतात, आमच्या घराण्याचं कौतुक करतात. परवा एक पाहुणी आत्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या तर अजून तशा लहानच की!"

मी हो म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.