डाव्या विंगेतला दिवा

माणिक शेळकेला मी शेवटचं भेटले ते जालन्याच्या दवाखान्यात, तो जायच्या पंधरा दिवस आधी. मोसंब्या घेऊन गेले होते. त्याच्या बायकोने, सुमनने, त्या सोलून वाटीत ठेवल्या, पण त्याने एक फोडही तोंडात घातली नाही. आम्ही पावसापाण्याचं बोललो, त्याच्या आष्टीच्या शेताचं बोललो, माझ्या गुडघ्यांचं बोललो... जे बोलायला गेले होते ते सोडून सगळं. निघताना त्याने विचारलं, "बाई, हॉलातला डाव्या विंगेतला दिवा चालू हाये ना?" मी म्हणाले, "आहे की." खरं तर निवृत्त झाल्यापासून मी त्या हॉलची पायरी चढले नव्हते. सुमनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "बाई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मला रडू यायच्या आधी आठवलं ते माझं "आहे की".

एक्क्याऐंशी साली मी जालन्यात मस्तगडच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि पहिल्याच वर्षी गॅदरिंगचं नाटक माझ्या गळ्यात पडलं. लाइट लावायला जो आला तो बाविशीतला वायरमन, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि काखेत मातीचा माठ. माठात मिठाचं पाणी, तळाशी एक लोखंडी पत्रा, दुसरा पत्रा दोरीने वरून सोडायचा. पत्रा खाली गेला की दिवा वाढे, वर ओढला की मंद होई. तेव्हा आमच्याकडे डिमर म्हणजे हाच. "माठाला हात लावू नका बाई, आत करंट हाये," असं त्याने मला बजावलं आणि अख्ख्या नाटकात त्या दोरीवरून नजर हलवली नाही. मी त्याला म्हटलं, "रहाट ओढतोयस की लाइट देतोयस?" तो हसला नाही. कामात असताना माणिक कधीच हसायचा नाही. मला सुरुवातीला तो गर्विष्ठ वाटला होता.

पुढे आम्ही हौशी नाट्यमंडळ काढलं. मी दिग्दर्शन करायची आणि मंडळाची चिटणीसही मीच. माणिक नोकरी सांभाळून लाइट करायचा. वीस वर्षं आम्ही भोकरदन, परतूर, पार धावड्यापर्यंत नाटकं केली, कधी शाळेच्या पटांगणात, कधी बाजाराच्या ओट्यावर. त्याची एक पद्धत होती. कुठलाही दिवा टांगायच्या आधी तो पिशवीतून चार फडकी काढायचा. एक हळदीत बुडवलेलं, एक कुंकवासारखं लाल, एक हिरव्या लुगड्याचं, एक पांढरं. दिव्याखाली आधी फडकी धरायचा, मग स्वतःचा तळहात. हळद हळदीसारखी आणि कातडी माणसाच्या कातडीसारखी दिसली तरच दिवा पास. "लोक चेहरा बघायला येतात बाई, दिवा बघायला न्हाई," तो म्हणायचा. मी त्याची टिंगल करायची, की सोयरीक जमवतोयस का दिव्याची? पण माझ्या नाटकांतले चेहरे लोकांच्या लक्षात राहिले, त्याचं श्रेय त्या फडक्यांना आहे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतर गावात नवा हॉल झाला आणि एका व्यापाऱ्याने लाइटसाठी मंडळाला देणगी दिली. देणगी बेताचीच, आणि सगळ्यांना हवे होते ते हलणारे, आपोआप रंग बदलणारे लाइट. मी आणि माणिक औरंगाबादला एका विक्रेत्याकडे बघायला गेलो. त्याने दोन प्रकार मांडून ठेवले होते. एक होता आरसा हलवणारा साधा, हॅलोजनच्या बल्बचा, उजेड पिवळसर आणि थोडा कमी. दुसरा मोठ्या डोक्याचा, सबंध फिरणारा, पांढराशुभ्र झोत फेकणारा. तेवढ्या पैशांत साधे दोन आणि वर डझनभर स्पॉट व डिमर येत होते. मोठे घेतले तर फक्त चार. विक्रेत्याने मोठा चालू केला. भिंतीवर चांदण्या फिरल्या, निळा झाला, जांभळा झाला... आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, लहान मुलीसारखी बघत राहिले.

माणिकने फडकी काढली. हळदीचं फडकं त्या उजेडात हिरवट दिसलं. त्याने स्वतःचा हात धरला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग विक्रेत्याला म्हणाला, "मेन स्विच बंद करा अन् जल्दी चालू करा." साधा दिवा लगेच पेटला. मोठा पेटेना. विक्रेता म्हणाला, "तो तापलाय. थंड झाल्याशिवाय पेटत नाही, दहाएक मिनिटं लागतात." माणिक मला बाजूला घेऊन गेला. "बाई, हा आपल्या गावचा न्हाई. आपल्याकडं लाइट दिवसातून चारदा जाती." मी म्हणाले, "हॉलला जनरेटर आहे ना?" "जनरेटर लाइट आणतंय बाई. थंडावा न्हाई आणत." वायरमन माणूस तो, लाइट कधी जाते आणि कशी येते हे जिल्ह्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण माझ्या डोळ्यांपुढे स्पर्धा होती, पुण्यामुंबईचे परीक्षक होते. मी म्हणाले, "माणिक, किती दिवस माठातच राहायचं?" त्याने फडक्यांच्या घड्या करून पिशवीत टाकल्या. मी चार मोठे घेतले.

लाइट टांगले त्या दिवशी त्याने डाव्या विंगेत आपला एक जुना हॅलोजनचा स्पॉट बांधला, वेगळ्या स्विचवर. "हा राहू द्या," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं, कारण तो कोपरा कुणाला दिसत नव्हता.

त्याच हॉलमध्ये स्पर्धेची फेरी झाली. आमच्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात आई वेड्या झालेल्या मुलाला ओळखते. तिने तोंड उघडलं आणि लाइट गेली. मिनिटभरात जनरेटर आला, पंखे फिरले, माइक चालू झाले. ते चार लाइट मात्र पेटले नाहीत. अंधारातच त्यांची डोकी घरघर करत आपोआप गोल फिरली, आणि प्रेक्षक हसले. मग डावीकडून पिवळा उजेड पडला. माणिकचा दिवा. आईचं काम करणारी हुशार, ती सरकत त्याच्यात येऊन उभी राहिली आणि प्रवेश सुरू केला. हॉल पुन्हा शांत झाला होता. तेवढ्यात थंड झालेले चारही मोठे एकदम पेटले, पांढरेफटक. मागून शिट्ट्या आल्या आणि नाटक तिथेच संपलं.

परीक्षकांनी लिहून दिलं की प्रकाशयोजनाकाराला आधुनिक यंत्रणा हाताळता आली नाही. मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष माणिकला म्हणाले, "झेपत नव्हतं तर आधी सांगायचं ना. मंडळाची अब्रू गेली." माणिकने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "चूक झाली," आणि पायात चपला घालून निघून गेला. त्यानंतर त्याने कुठल्याही नाटकाला लाइट केले नाहीत. बाजारात भेटला की "बाई, बरं चाललंय ना?" विचारायचा. त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी वर्गात मुलांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला लावत होते, आणि हे एक वाक्य मला इतक्या वर्षांत बोलता आलं नाही. मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

तेराव्यानंतर सुमनकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "एकदा हे हात पुसायला कापड मागत होते. म्हटलं, तुमची ती चार फडकी कुठं गेली? तर म्हणे, एक हॉलात राह्यलं, बाकीची तीन काय कामाची!" तिथून मी सरळ हॉलवर गेले. ते चार मोठे लाइट केव्हाच बिघडले आहेत, त्यांच्यावर कबुतरं बसतात. डाव्या विंगेतला स्पॉट जागेवर होता. स्विच दाबला... नाही पेटला. रखवालदार म्हणाला, "बल्ब गेला असंल. वर डबा हाये बघा, शेळकेसाहेबांनी ठेवल्ता. कुणाला हात लावू देत नव्हते."

त्याने शिडीवरून डबा खाली दिला. आत नवा बल्ब होता, हळदीच्या फडक्यात गुंडाळलेला. या बल्बला उघडं बोट लागलं तर तो फुटतो, म्हणून माणिक तो नेहमी फडक्यानेच धरायचा. रखवालदाराने फडक्यात धरूनच बल्ब बसवला आणि मी स्विच दाबला. मी त्या उजेडात फडकं धरलं, मग माझा तळहात. हळद हळदीसारखी होती. हात म्हाताऱ्या बाईचा होता, पण माणसाचा दिसत होता.

मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणाले, "लाइट मी निवडले होते. माणिकने नको म्हणून सांगितलं होतं." रखवालदार शिडी घेऊन बाहेर गेला होता, रिकाम्या खुर्च्यांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून ते इथे पुन्हा लिहिते आहे. त्या बैठकीला जे होते त्यांनी कृपा करून वाचावं.