दुसरी रेघ पाण्यात गेली

आधीच सांगून टाकते, म्हणजे मला कोणी भित्री समजायला नको. वय सदुसष्ट, शिक्षण सातवी, राहणार शिरपूर, जिल्हा वाशीम. कोणाच्या अंगात आलं की मी त्याला आधी पाणी पाजते, मग विचारते जेवलास का. लिंबू आणि मिरची माझ्या घरात फक्त भाजीत पडतात. तुमचे इथले भुताखेतांचे अनुभव पहिले माझी सून सुवर्णा वाचून दाखवायची, आता चष्मा लावून मीच वाचते… आणि खोटं कशाला बोलू, निम्म्यांना हसते. पण मागच्या भाऊबीजेला माझ्यासोबत जे झालं, त्याला मला हसता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

मालेगावहून वाशीमकडे जाताना रोडला लागून एक वॉटर पार्क आहे. नाव लिहीत नाही, मालक भला माणूस आहे. तिथं ओंडक्याची राइड होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते – झाडाच्या ओंडक्यासारखी दिसणारी फायबरची नाव, एकामागे एक चार जण बसतात. पाण्याच्या नालीतून ती हळूहळू फिरते, मग एक पट्टा तिला टक-टक करत उंच नेतो, आणि वरून धाडकन खाली! पाणी उडतं, बाया किंचाळतात, उतरून पुन्हा रांगेत लागतात.

माझा धाकटा भाऊ दिगंबर तिथं फिटर होता. राइड त्यानेच उभी केली म्हणा ना. मालकाने ती दूरच्या एका बंद पडलेल्या पार्कातून जुनी आणली होती. चार ट्रक भरून तुकडे, प्रत्येकावर रंगाने नंबर, आणि वाटेतल्या पावसाने निम्मे नंबर पुसलेले. बसवायला आलेला कारागीर दोन दिवसांत पळाला. दिगूने सगळी नाली वावरात पसरली आणि तीन महिने तुकड्याला तुकडा लावून पाहत बसला. आठ नावा आल्या होत्या, एक फुटकी निघाली, सात तरंगल्या. पहिल्या उन्हाळ्यात आसेगावकडची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. आमच्या शिरपूरला दर्शनाला येणारी परगावची मंडळीही जाताना तिथं थांबू लागली. मग दोन उन्हाळे पाणी नव्हतं म्हणून राइड बंद राहिली. "पाणी तेच तेच फिरते बाई, सांडते तेवढंच लागते," असं तो मला समजावत बसायचा, जशी काही मीच बंद केली होती! मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात.

त्याची एक करामत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लोक पोरं मांडीवर दडवून बसत आणि नाव जड होऊन नालीत घासे. म्हणून दिगूने प्रत्येक नावेच्या शेपटीवर चार पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. एक माणूस बसला की पहिली रेघ पाण्यात जाते, दोन बसले की दुसरी. माणसं मोजायचीच नाहीत, रेघ पाहायची. माझ्या घरी जेवता जेवता ताटात पाण्याने रेघा काढून त्याने मला हे शिकवलं होतं. वरून म्हणायचा, "माणूस खोटं बोलते बाई, पाणी नाई बोलत."

आता माझी चूक.

दिवाळीत पार्कात पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे नोकरी लागल्यावर पहिल्याच भाऊबीजेला त्याचा फोन आला. "बाई, मले सुट्टी नाई. तूच ये इकडे. इथंच ओवाळ, अन् मंग तुले नावेत बसवतो. मागं मी बसतो, तू भिऊ नको."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "भाऊ बहिणीच्या घरी येते का बहीण भावाच्या नोकरीवर जाते? लोकायच्या रांगेत उभं राहून ओवाळू काय तुले? तमाशा हाय का?"

"अवं बाई, आरती घेऊन ये फक्त. पाच मिनिटं लागतात."

"मी नाई येत. तुले यायचं असन तर ये."

तो आला, पण दुसऱ्या दिवशी, साडी घेऊन. मी पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, पण ओवाळलं नाही. मुहूर्त गेला म्हणाले. तो हसला आणि जेवला.

भाऊ परमुलखात असला किंवा भाऊच नसला, तर बाया भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राला ओवाळतात. मी बसने अर्ध्या तासावर भाऊ असताना चंद्राला ओवाळलं होतं. ती दुजेची बारीक कोर सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर घडीभर दिसते आणि बुडते. सासूबाई तेव्हा होत्या, त्या ओट्यावरून ओरडल्या, "जिता भाऊ असून चांदाले काहून ओवाळून राह्यली वं? हात कसा उठते तुहा?" मी ऐकलं नाही. दर वर्षी त्याचा फोन, दर वर्षी माझं तेच उत्तर. अशा नऊ भाऊबीजा गेल्या. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. नुसता हट्ट… आणि मला वाटे, पुढल्या वर्षी जाऊ, कुठं पळून चालला तो.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी तो गेला. सकाळी चहा प्यायला आणि खुर्चीतच मान टाकली.

मागच्या दिवाळीत जगनचा फोन आला. जगन म्हणजे दिगूच्या हाताखाली काम शिकलेला माणूस, चाळिशीचा. दिगूला काका म्हणायचा म्हणून मला आत्या म्हणतो. "आत्या, राइड मोडून राह्यले. नव्या घसरगुंड्या आल्या, आता इकडे कोनी येत नाई. दिवाळी झाली का कटरनं कापतील. काकाचे पाने, हातोडी पडले हायेत, घेऊन जा."

मी भाऊबीजेलाच गेले. सुवर्णा सोबत होती. पिशवीत मी कुंकू, सुपारी आणि डब्यात निरांजन घेतलं. का घेतलं ते सुवर्णाला सांगितलं नाही. दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन. राइडपाशी सात-आठ जण उभे होते, बाकी गर्दी पलीकडे घसरगुंडीवर.

जगनने अवजारांची पेटी दिली. मग म्हणाला, "बसता का आत्या? काका लय म्हणत जाय, माही बाई एक दिवस येईन."

मी पदर खोचला. बसले. पुढच्या सीटवर, एकटी, पिशवी मांडीवर. वजन माझं पंचेचाळीस किलो, पिशवीचं काय असणार! जगनने नाव सोडायचा दांडा ओढायला हात घातला आणि थांबला. नावेच्या मागे जाऊन वाकला.

"आत्या, पिशवीत काय हाय? लोखंडाची पेटी घेतली का?"

"पेटी तं सुवर्णापाशी हाय. काहून?"

"दुसरी रेघ बुडाली."

मी मान वळवली नाही. मला रेघेचा अर्थ माहीत होता.

त्याला वाटलं नावेत पाणी शिरलं. मला उतरवलं, तर नाव सगळ्या रेघा दाखवत वर आली. सुवर्णाला एकटीला बसवलं. ती माझ्या दीडपट, तरी पहिलीच रेघ बुडाली. पुन्हा मला बसवलं. मागची बाजू सावकाश दबली, जसं कोणी एक पाय आधी ठेवून मग बसतं तशी… दुसरी रेघ पाण्यात.

जगनने पायातली चप्पल काढली.

तेव्हा ओवाळायचं होतं मी. निरांजन पिशवीत होतं, काडेपेटी होती, नाव उभी होती. पण रांगेतली एक बाई म्हणाली, "चला ना हो आजीबाई, आमाले बी बसायचं हाय!" दोघी-तिघी हसल्या, आणि मला लाज वाटली. त्या हसणाऱ्या बायांपुढे रिकाम्या सीटला कसं ओवाळू? मनात म्हटलं, खाली आल्यावर ओवाळते, तोवर रांग पांगेल. जगनला म्हणाले, "सोड."

पट्ट्यावर नाव चढत होती तेव्हा मागे वळून पाहायचा धीर झाला नाही. "दिगू, चुकलं माझं," एवढं म्हणाले. कोणाचा हात खांद्यावर आला नाही, तसलं काही झालं नाही. मग आम्ही खाली पडलो. आम्ही म्हणते बघा, अजूनही.

खाली नाव थांबली. मी निरांजन काढलं आणि जगनकडे पाहिलं. तो शेपटीपाशी वाकला होता. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"एकच हाय, आत्या," तो म्हणाला.

मी उतरून पुन्हा बसले. एकच. तिसऱ्यांदा बसले, रांगेतल्या बाया चिडल्या, तरी एकच. निरांजन न लावताच परत आणलं.

माझा भाचा इंजिनियर आहे. तो म्हणतो, नाव जुनी होती, दोन थरांच्या मधे पाणी साचलं असेल, ते हललं असेल. मी म्हटलं असेल बाबा. मला ते पटलं असतं तर बरंच झालं असतं. पण आठ दिवसांनी जगनचा फोन आला. तीच नाव त्याच्यासमोर कापली होती. "आत्या, मी हात घालून पाह्यलं. आत थेंब नोता."

यापुढे मला काही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर लिहा, मी वाचीन. भूत होतं का, भास होता का, ह्यावर मी भांडणार नाही. मला रुतून बसलंय ते वेगळंच. पाच मिनिटांचं काम होतं, आणि तो कितीतरी वेळ माझ्या मागे बसून होता.