आखितीचा धूर

चांगुणाबाईंच्या हातचं पिठलं खाऊन गेलेली माणसं मुंबई-पुण्यात शेकड्यांनी सापडतील. त्यातल्या एकालाही त्यांचं नाव सांगता येणार नाही. सहादेव वाटाड्याची बायको, एवढीच त्यांची ओळख. सहादेव मात्र सगळ्यांना आठवतो. डोक्याला मुंडासं, हातात वेताची काठी आणि तोंडाला खळ नाही, असा माणूस विसरायचा तरी कसा?

मी एकोणसत्तरच्या जूनमध्ये त्यांच्या वाडीवरच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. आमचे हे, शामकांत, भंडारदऱ्याला धरणावर पाटबंधारे खात्यात कारकून. मी नगर शहरात वाढलेली. अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरात पहिले सहा महिने मी सगळ्यांवर चिडून होते, पावसावर, जळवांवर आणि धादांत खोटं बोलणाऱ्या पोरांवर. खोटं मला खपत नाही. वर्गात एकदा खोटं सापडलं की छडी ठरलेली, मग ते पोर पाटलाचं असो नाहीतर सहादेवच्या भावाचं.

मे महिना लागला की धरणावरचा बंगला भरायचा. सुटीला आलेली मंडळी दोन दिवस पाण्याकाठी पत्ते कुटायची आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणायचं, जरा डोंगर बघू. मग सहादेवला बोलावणं जायचं. तो त्यांना तीन तासांची वाट चालवून वाऱ्याच्या कड्यावर न्यायचा. तिथे आपला देश संपतो. एक पाऊल पुढे टाकलं की खाली कोकण. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी त्याला कधीतरी सांगितलं होतं की हा सारा सह्याद्री जमिनीच्या पोटातून उकळत बाहेर पडलेल्या रसाचा झालेला आहे, थरावर थर साचून. सहादेवने ते उचललं आणि आपल्या भाषेत बसवलं. "ह्यो डोंगुर येके काळी पातळ हुता साहेब, आमटीवानी," असं तो कड्याच्या काळ्या पायऱ्यांकडे काठी करून सांगायचा. दोन काळ्या थरांमध्ये कुठेकुठे विटेच्या रंगाची पट्टी दिसते. एक रस निवल्यावर त्याच्यावर माती झाली, तिच्यात झाडं-झुडपं वाढली, आणि मग वरून दुसरा रस आला. ती पट्टी म्हणजे ती भाजलेली माती. एवढं सांगून झालं की सहादेव गारेचे चकचकीत खडे बायकांच्या हातावर ठेवायचा आणि मंडळी खूश व्हायची.

चांगुणाबाई त्या वेळी घरी चुलीपुढे असायच्या. मंडळी संध्याकाळी कड्यावरून परतली की त्यांच्याच ओसरीवर जेवायची. पंधरा-वीस भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा खर्डा. सगळं आयुष्य त्यांनी त्या डोंगरात काढलं, पण वाऱ्याचा कडा काही त्यांनी पाहिला नव्हता. मला आधी हे पटलंच नाही. घरापासून तीन तासांवर, आणि नवरा सगळ्या जगाला दाखवत सुटलेला.

"बोललीस का कधी त्यांना?" मी विचारलं. पहिल्या वर्षी मी त्यांना अगंतुगंच करायची, त्याचीही आता लाज वाटते.

"पुढल्या आखितीला नेतो म्हन्त्यात," त्या म्हणाल्या.

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. आखितीच का, ते त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. चांगुणाबाईंचं माहेर कड्याच्या बरोबर खाली, कोकणात. तेराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्या एका नळीतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या उभ्या घळीतून, चढून सासरी आल्या होत्या. पुढेही त्याच वाटेने जाणं-येणं असायचं. त्यांची आई बनुबाई वर्षातून एकदा सुकट आणि तांदूळ घेऊन वर यायची. एकोणसाठ साली ती शेवटची आली. गुडघे संपले होते. जाताना लेकीला म्हणाली, "मी काय आता परत चढत न्हाई. पर दरसाल आखितीच्या दुपारी मी माझं राब भाजीन." भाताची रोपं टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात, ते राब. "त्याच्यावर वला पाला टाकीन. धूर जाड निघंल. तू वरनं बघ. मला समजंल तू बघतीयास." पुढच्याच पावसाळ्यात दरड कोसळून नळी बुजली. बसने जायचं तर इगतपुरी, कसारा असा वळसा, दोन दिवस आणि चार गाड्या. घर, गुरं आणि पाहुणे टाकून कोण जातंय?

तर दर आखितीला खाली बनुबाई धूर करायची, वर सहादेव पाहुण्यांना घेऊन कड्यावर असायचा, आणि घरी आल्यावर चुलीपाशी वाकून एकच शब्द सांगायचा. "दिसला." चांगुणाबाईंना तेवढ्यावर वर्ष निघायचं. मी एकदा म्हटलं, कार्ड लिहून देते आईला. तर हसल्या. "वाचनार कोन तिथं? धूर हाय की."

सत्तर सालच्या आखितीला माझी नणंद नीलांबरी पुण्याहून आली होती. आम्ही सहादेवबरोबर कड्यावर गेलो. करवंदीच्या जाळ्यांतून, हिरड्याच्या रानातून, मग उघड्या तापलेल्या कातळावरून. कड्याच्या टोकाला उभं राहू देत नाहीत, पोटावर झोपायचं आणि डोकं पुढे काढायचं. सहादेव मागून घोटे धरतो. खाली तीन आंब्यांजवळून पांढरा धूर निघाला होता. "माज्या सासूचा धूर हाय त्यो," सहादेव म्हणाला आणि नीलांबरी खळखळून हसली. तिथला वारा खालून वर येतो. त्याने धूर आमच्या तोंडापर्यंत आणला. नीलांबरीने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, इथेही मेला धूरच. मीही हसले. आम्ही उठलो, लाडू खाल्ले आणि परत फिरलो.

पुढची दोन वर्षं मी सुटीत नगरला होते. त्र्याहत्तर साली मात्र राहिले. बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला होता, धरणाचा तळ उघडा पडला होता, आणि बंगल्यावर चिटपाखरू नव्हतं. आखितीच्या दोन दिवस आधी चांगुणाबाई मला म्हणाल्या, "ह्या साली पाव्हनं न्हाईत. मी जानार कड्यावर. बाई, तुमी बी चला." चेहरा असा उजळला होता की पन्नाशीकडे झुकलेली बाई आहे हे विसरायला व्हावं. नवं लुगडं बाहेर काढून ठेवलं होतं.

त्याच दुपारी सहादेव शाळेत आला. वर्ग रिकामा होता. तो दारातच बसला आणि काठीने माती उकरत राहिला.

"बाई, दोन सालं धूर न्हाई," तो म्हणाला.

मला आधी समजेचना. मग समजलं. एकाहत्तरला नाही, बहात्तरलाही नाही. आणि दोन्ही वर्षं तो चुलीपाशी वाकून "दिसला" म्हणाला होता.

"का सांगितलं नाहीत?"

"भाकऱ्या टाकीत हुती. नऊ मानसं जेवायची हुती. म्हनलं जेवनं हुद्यात, मंग सांगू. मंग ऱ्हायलंच. पुढल्या सालाला वाटलं, म्हातारी आजारी आसंल, करंल आवंदा. न्हाई केला. तवा मागलं बी सांगावं लागलं आसतं."

मी त्याला नाही नाही ते बोलले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, पण वर्गातल्या पोरासारखा झाडला. आज रात्रीच्या आत सांगा, नाहीतर मी सांगते, म्हणाले. तो हो म्हणाला आणि गेला. त्याने सांगितलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. आखितीच्या सकाळी त्या माझ्या दारात फडक्यात भाकरी बांधून, हसत उभ्या होत्या. मी चपला घातल्या आणि निघाले.

ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही. त्या डोंगराची पाहुणी म्हणून चांगुणाबाई पहिल्यांदाच चालत होत्या. प्रत्येक झाड ओळखत होत्या, सहादेवपेक्षा जास्त. एका कातळावर गारेचा खडा चमकला तर तो उचलून मलाच दिला. सहादेव पुढे मुकाट चालला होता.

"आवो, सायबास्नी सांगता ते मला बी सांगा की," त्या म्हणाल्या.

तो थांबला. "ह्यो डोंगुर येके काळी पातळ हुता," एवढंच कसंबसं म्हणाला.

"मंग निवायला किती दिस लागलं?"

तो काठी टेकत पुढे निघाला. मी दुसरीकडे बघत होते.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चांगुणाबाईंनी पदर खोचला आणि पोटावर झोपून डोकं पुढे काढलं. सहादेवने त्यांचे घोटे धरले. खाली उन्हाळ्याचं धुरकट कोकण, शेतांचे चौकोन, आणि चार-पाच ठिकाणी राबांचे धूर.

"त्यो बघ," सहादेव म्हणाला. "वढ्याच्या कडंचा."

चांगुणाबाईंनी एकेक धूर निरखला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्यो गोजरबाईचा मळा. आमचं राब तीन आंब्यांच्या खालतं. तिथं गवत माजलंय. दोन-तीन सालाचं गवत हाय ते."

सहादेवने घोटे सोडले नाहीत.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं. मान वळवली नाही.

"दोन सालं."

त्या उठल्या नाहीत. तोंड खाली, कोकणाकडे. रडण्याचा आवाज खाली गेला, आम्हाला फक्त पाठ हललेली दिसली. मग म्हणाल्या, "ती मला दावीत हुती, आन् बघत हुतं मुंबईचं लोक." एवढंच. परतीच्या वाटेवर त्या पुढे होत्या आणि आम्ही दोघं मागे, दोन चोर चालावेत तसे.

मी खाली डोळखांबच्या बाजूला, चांगुणाबाईंच्या माहेराजवळच्या शाळेतल्या गुरुजींना कार्ड लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तोपर्यंत मी सहादेवशी एक अक्षर बोलले नव्हते. उत्तर घेऊन दुपारी त्यांच्या ओसरीवर गेले. तो खांबाला टेकून दोरी वळत होता, चांगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. मी वाचलं. बनुबाई एकाहत्तरच्या आखितीआधीच, पौषात वारल्या. वर निरोप धाडला होता, पण ज्याच्याकडे दिला तो वाटेतूनच परतला असं आता समजतं. सत्तरच्या आखितीला त्यांना चालता येत नव्हतं. पुतण्याने पाठीवर घेऊन राबावर नेलं. काडी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली, पाला स्वतः टाकला. धूर वर चढल्यावर कड्याकडे तोंड करून त्यांनी बराच वेळ हात हलवला. पुतण्या म्हणाला, चला आता. तर म्हणाल्या, थांब, पोर बघतीय.

चांगुणाबाईंनी कार्ड पुन्हा वाचायला लावलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"बाई, सत्तरला तुमी गेल्ता ना कड्यावर? नणंदंला घिऊन?"

"हो."

"ह्यांनी नुस्तं दिसला म्हनायचं. कसा दिसायचा ते कदी सांगितलंच न्हाई. तुमी सांगा."

मी सांगितलं. तीन आंब्यांजवळून निघाला होता. पांढरा, जाड. सरळ वर चढला आणि कड्याजवळ आल्यावर वाऱ्याने आमच्याकडे वळला.

"वास आल्ता?"

"आला होता. ओल्या पाल्याचा."

"करवंदीचा आसंल," त्या म्हणाल्या. "तिला करवंदीचाच पाला लागायचा." मग पदराने डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात आतापर्यंत फक्त मीच खोटं बोलले नव्हते, म्हणूनच त्या मला विचारत होत्या. "बाई, तिनं हात केला तवा तुमी बी केला का तिला?"

नीलांबरीचा रुमाल मला दिसला. लाडवाचा डबा दिसला. दोरी वळणारे सहादेवचे हात थांबले होते.

"केला," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी केला."

चांगुणाबाईंनी मान हलवली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. सहादेवने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसानंतर मी त्याला त्या "दिसला"वरून कधी काही बोलले नाही.