गर्डरच्या पोटातली तीन भोकं

जगातली बाकी सगळी माणसं भरीव गोष्टींवर विश्वास ठेवतात. आमच्या दाजींचा विश्वास भोकांवर आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सुरतेच्या कारखान्यांचे लोखंडी सांगाडे आखण्यात त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन नंदुरबारला परतले ते डोक्यात एकच विषय घेऊन: लोखंडी गर्डरला भोक कुठे पाडावं, केवढं पाडावं आणि मुख्य म्हणजे कुठे पाडू नये. "अहो, निदान पाहुण्यांसमोर छिद्र तरी म्हणा," असं मी एकदा सुचवून पाहिलं. दाजी म्हणाले, "छिद्र मडक्याला असतं. गर्डरला भोक."

आमच्या घरात आता पोराटोरांनाही गर्डर पाठ आहे. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि दोघींना धरून ठेवणारा मधला उभा पत्रा. या पत्र्याला दाजी 'पोट' म्हणतात. पाइप आणि वायरी गर्डरच्या खालून नेल्या तर तेवढं छत खाली येतं. पोटातून नेल्या तर उंची वाचते. म्हणून भोकं. पण ती पाडण्याचं एक शास्त्र आहे आणि ते दाजी जेवताना समजावतात. "वरची पट्टी सासू, ती दाबाखाली. खालची सून, ती ताणाखाली. मधला पत्रा म्हणजे नवरा. त्याला मधोमध भोक पडलं तरी संसार चालतो. पण भिंतीजवळ, जिथे सगळं ओझं उतरतं, तिथे त्याला हात लावायचा नाही!" यावर स्वयंपाकघरातून आक्काचा आवाज येतो, "ह्या घरमा मधला पत्रा मी शे! भोकं मोजा मन्हा अंगवरनी!"

दुसरा सिद्धांत कोपऱ्यांचा. भोक गोल हवं; चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून भेग निघते, असं दाजींचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पण ते पटवण्यासाठी दाजी समोर येईल तो कागद फाडतात. मी यादीशिवाय घराबाहेर पडत नाही, त्यामुळे माझ्या याद्या त्यांना नेहमी हाताशी सापडतात. एकदा किराण्याच्या यादीला कात्रीने मधोमध चौकोन पाडून त्यांनी दोन्हीकडून ओढलं. "बघ, कोपऱ्यातूनच फाटला की नाही?" फाटला होता. त्याबरोबर तूरडाळ, गूळ आणि साबण गेले. तेव्हापासून ते मला 'यादीबाई' म्हणतात आणि मी प्रत्येक यादीची एक प्रत कपाटात ठेवते. त्यांच्या सदऱ्याचा गळा गोल, खिसा गोल. बर्फीची वडी आली की आधी चारही कोपरे खातात आणि उरलेली गोल वडी समाधानाने न्याहाळतात.

अशा माणसाला लग्नाला नेणं जोखमीचं. तळोद्याला आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळ्यांच्या नजरा अंतरपाटाकडे आणि दाजींची छताकडे. आक्का कुजबुजली, "नवरदेव आठे शे! वर काय दखी ऱ्हायनात?" दाजी दखी ऱ्हायनात ते हे, की पंखेवाल्याने भिंतीलगत गर्डरला चौकोनी भोक पाडलं होतं. भिंतीलगत! आणि चौकोनी! जेवणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांत दाजींनी वराकडची अख्खी पंगत, भरल्या ताटांसकट, हॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवली. वराकडचे लोक रुसले ते अजून पुरते हसलेले नाहीत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तीच तऱ्हा. एका पांढऱ्याशुभ्र घोड्यासमोर ते इतका वेळ उभे राहिले की मालकाला वाटलं गिऱ्हाईक पक्कं. त्याने घोड्याची पिढी सांगितली, चाल दाखवली. दाजी म्हणाले, "टेकू उत्तम आहेत. मध्यावर थोडा वाकलाय." मी त्यांना हाताला धरून बाजाराबाहेर आणलं.

तर अशा दाजींच्या हातात मी माझा गर्डर दिला. माझी मिरची दळण्याची आणि पॅकिंगची शेड आहे. छप्पर ठेंगणं. त्यातच एक मजला चढवून वर दळणाचं नवं मशीन आणि खाली पॅकिंग, असा बेत मी केला. मिरचीची धूळ ओढून नेणारे तीन जाड पाइप मजल्याखालून जायचे होते. ते मजला पेलणाऱ्या गर्डरच्या खालून नेले असते तर पॅकिंगच्या बायांना दिवसभर वाकून चालावं लागलं असतं. म्हणजे पाइप पोटातूनच. हे ऐकून दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची होतीच, पण तेवढ्याने नाही. त्यांनी एक वही भरून गणित केलं. अवजड मशीन उत्तरेकडच्या भिंतीशी बसणार, म्हणजे गर्डरचं उत्तरेकडचं अर्धं अंग अखंड ठेवायचं आणि तिन्ही भोकं दक्षिणेकडच्या अर्ध्यात, तीही भिंतीपासून अंतर राखून. गोल.

गर्डर करणारे रशीदभाई. त्यांच्या घरात आजोबांपासून लोखंडाचं काम. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करत करत ते शेडपर्यंत आले आणि नंदुरबारात त्यांचं काम म्हणजे पुन्हा बघायला नको, अशी ख्याती. दाजींचं आणि त्यांचं रोज भांडण आणि रोज एकत्र चहा. कापण्याच्या खुणा दाजी दुसऱ्या कुणाला करू देत नसत. वर्कशॉपच्या अंगणात आडव्या पडलेल्या गर्डरवर त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगाने तीन गोल काढले, एका टोकाला बाण काढून 'उत्तर' लिहिलं आणि खाली सही ठोकली. रशीदभाई म्हणाले, "साहेब, एक बार मैं भी नाप लूं?" दाजी म्हणाले, "रशीद, सांगायचं काम माझं, कापायचं तुझं."

गर्डर चढला, वेल्ड झाला, वर मजल्याचे पत्रे पडले. मशीन दोन दिवसांवर आलं तेव्हा दाजी शेवटची पाहणी करायला आले. गर्डरखाली उभे राहिले, वर पाहिलं आणि ओरडले, "रशीद! हाई काय करी ठेवं रे?" तिन्ही भोकं उत्तरेकडे होती. नेमकी जिथे मशीन बसायचं, त्याच्या खाली. दक्षिणेचं टोक उत्तरेला गेलेलं दिसत होतं. दाजींनी वर बोट रोखलं. "आयुष्यात कुणी माझा गर्डर उलटा चढवला नाही! तीस वर्षांत नाही!" पॅकिंगच्या बायांचे हात थांबले. रशीदभाईंनी एकदा गर्डरकडे पाहिलं, एकदा दाजींकडे, आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "मेरेसेच उल्टा लग गया, साहेब."

मी वही उघडली, पण पेन चालेना. आमच्या शेडमधली गोष्ट चहा उकळायच्या आत बाजारात पोचते. रशीदभाईंनी गर्डर उलटा चढवला, हे एकदा पोचलं की आजोबांपासूनचं नाव गेलं असतं.

दाजींचं मात्र समाधान झालं नव्हतं. "माझी खूण होती, स्पष्ट! थांब, दाखवतोच!" म्हणत, शिंकत शिंकत ते स्टुलावर चढले आणि रुमालाने गर्डरवरची लाल धूळ पुसू लागले. आधी सही निघाली. मग बाण. मग 'उत्तर'. बाण बरोबर उत्तरेकडे होता. गर्डर खुणेप्रमाणे तंतोतंत चढला होता. तिन्ही गोल दाजींनीच बाणाच्या टोकाकडे काढले होते; काढायचे होते दुसऱ्या टोकाकडे.

दाजी स्टुलावरून उतरले. लाल झालेला रुमाल हातात तसाच धरून रशीदभाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"चढाते टाइम बाण देखा था, साहेब."

"मग आत्ता खोटं का बोललास?"

रशीदभाई फडक्याची घडी घालत राहिले. "सब लोग देख रहे थे ना, साहेब."

दाजी बायांकडे वळले आणि शाळेत कविता म्हणावी तसे ताठ उभे राहिले. "ऐका गं सगळ्या. गर्डर रशीदने बरोबर चढवला. खूण मी उलटी केली. चूक माझी. यादीबाई, लिही." मी लिहिलं.

गर्डर आता निघणार नव्हता. मग रशीदभाई म्हणाले, "गर्डर नहीं घूमता तो मशीन घुमाव ना. उधर के बदले इधर." दाजींनी वही उघडली. मिरचीच्या पोत्यावर बसून त्यांनी गणित नव्याने मांडलं. मशीन दक्षिणेच्या भिंतीशी, अखंड अंगाच्या वर. "बसतंय," ते म्हणाले आणि वही रशीदभाईंपुढे धरली. "तपास."

"साहेब, मैं सातवी पास."

"बेरीज येते ना? तपास."

रशीदभाईंनी बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली. जिना, स्विचबोर्ड, पोती चढवायची कप्पी, असं हलवायचं सामान मी लिहायला घेतलं ते एकोणीस कलमांवर थांबलं. मशीन चार दिवस उशिरा सुरू झालं आणि आजतागायत निमूट दळतंय.

तेव्हापासून दाजी दर आठवड्याला शेडवर येतात. जो दिसेल त्याला, व्यापारी असो की ट्रकवाला, गर्डरखाली नेतात आणि सांगतात, "हा उलटा आहे. चूक माझी, रशीदची नाही." एकदा शेड तपासायला आलेल्या सरकारी साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं, त्यांना पुढचं गणित समजावून चहा पाजेपर्यंत माझा जीव वरखाली झाला. रशीदभाई असले की कानकोंडे होतात. "बस करो साहेब, इनको मिर्ची लेनी है." दाजी थांबत नाहीत.

परवा धडगावचा एक दुकानदार आला होता. दाजींनी त्याला खांद्याला धरून गर्डरखाली उभं केलं. "हे बघा, मशीन आधी बसायचं होतं ते..." आणि थांबले. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, हात वर उचलला तो तसाच राहिला. "रशीद, कुठे रे बसायचं होतं?" रशीदभाई जवळ आले, त्यांनी दाजींचा कोपर हलकेच धरला आणि त्यांना उत्तरेच्या भिंतीकडे वळवून उभं केलं. "इधर, साहेब."

"हां, इथे," दाजी म्हणाले, आणि चूक आपलीच कशी होती ते त्यांनी दुकानदाराला पहिल्यापासून, नीट समजावून सांगितलं.