थांबावं लागलं तर

मी वाचायला शिकले ती कामगार युनियनच्या पत्रकांवर. वडील ती पिशवीतून आणत आणि मी जमिनीवर पसरून मोठ्यानं वाचत असे. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: झुकायचं नाही, आणि झुकणाऱ्याला माफ करायचं नाही.

त्या वर्षी बराकपूरला आमच्या शेजारचे काका वारले. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागणार होतं. काकूंना कलकत्त्यात सियालदह स्टेशनजवळच्या एका कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी बोलावणं आलं. ती मिळाली तरच अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना घेऊन त्या इथे राहू शकणार होत्या. मुलाखत इंग्रजीत. महिनाभर दुपारी त्या माझ्याकडे शिकायला आल्या.

एकदा म्हणाल्या, "मास्तरीणबाई, 'कदाचित उशिरापर्यंत थांबावं लागेल' हे कसं म्हणायचं? विचारतीलच ते."

"'आय मे हॅव टू स्टे लेट.' पण तुम्ही ते म्हणायचं नाही, काकू. अजून कुणी थांबा म्हटलेलंही नाही आणि आपण आधीच मान तुकवायची?"

"अगं, माझ्या घरात सध्या सगळं कदाचितच आहे."

"मग एक तरी गोष्ट पक्की असू दे. म्हणा, 'आय विल नॉट वर्क आफ्टर फाइव्ह.'"

"तुझ्या तोंडून मोर्चाच निघतो, बाई," त्या हसल्या. पण वाक्य पाठ केलं. 'मे' आणि 'माइट'ची पानं गाळूनच मी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक संपवलं. त्याचा मला अभिमान वाटत होता.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनवर गेले. काकू गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "गेली गं नोकरी." साहेबांनी विचारलं होतं, कधीकधी आठपर्यंत थांबावं लागेल, जमेल ना? काकूंनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. साहेबांनी 'थँक यू' म्हणून पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

"बरोबर सांगितलंत," मी म्हणाले.

"समोरच्या घरातल्या बंगाली बउदी आठपर्यंत आईंजवळ बसायला तयार होत्या. थांबावं लागलं तर मी थांबले असते. तेच सांगायचं होतं. पण तोंडात तेवढं एकच वाक्य होतं."

त्या चिडल्या असत्या तर मी वाद घातला असता. वाद घालणं मला येत होतं. त्या चिडल्या नाहीत.

पाचनंतर काम नाही, ही मागणी मला आजही योग्य वाटते. पण ती माझी मागणी होती. ती मांडायला मी अशा बाईला एकटीला पाठवलं, जिच्या पाठीशी कुणीही उभं नव्हतं. मीसुद्धा घरीच होते.

दुसऱ्या दिवशी मी गाळलेली पानं शिकवायला गेले. काकू सासूबाईंना भात भरवत होत्या.

"आता राहू दे," त्या म्हणाल्या. "जाता जाता एवढं कार्ड पेटीत टाकशील?"

नागपूरच्या भावाला लिहिलेलं पोस्टकार्ड होतं. मी वाचलं. 'कदाचित आम्हा दोघींना तुझ्याकडे यावं लागेल. वहिनींना विचारून कळव.'